पटावर नसलेली मुले: बोर्डी, कोसबाड आणि उत्तम शिक्षकाची कसोटी

उत्तम शिक्षक कोणाला म्हणावे, या प्रश्नावर आपल्याकडे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी रंगमंचावरच भांडण होऊन गेले आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य आपल्यात श्रेष्ठ कोण, हा वाद घेऊन राजापुढे येतात. परिव्राजिका पंच होते. तिच्या म्हणण्याचा आशय असा, की कोणाला विद्या स्वतःला उत्तम येते, कोणाला ती दुसऱ्यात उतरवता येते. ज्याच्या ठायी दोन्ही गुण असतील त्याला शिक्षकांत अग्रस्थान द्यावे. पुढे परीक्षा होते ती मात्र शिष्यांची. शिष्याचा प्रयोग सरस ठरेल, तो आचार्य मोठा.

निकष चोख आहे आणि आजही आपण त्याच निकषावर चालतो. फरक एवढाच, की नृत्याच्या जागी दहावीचा निकाल आला. पण या निकषाच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे: शिष्य समोर बसलेला आहे. गणदासाच्या वाट्याला तर साक्षात मालविका आली होती! जे मूल शाळेची पायरी चढलेच नाही, त्याच्या बाबतीत कोणत्या शिक्षकाची परीक्षा घ्यायची? त्याच्या शिक्षकाला नापास कोणी करायचे?

आजचा धागा दोन शिक्षिकांविषयी आहे, ज्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर शोधण्यात उरलेले आयुष्य घालवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. धागा लांब आहे. चहा घेऊन बसा.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, आई उमाबाईंचा पुनर्विवाह झालेला. ज्या काळात अशा घराशी रोटीव्यवहार ठेवतानाही लोक दहादा विचार करीत, त्या काळातले हे घर. १९१४ साली ताराबाई पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी विवाह झाला, तो टिकला नाही आणि लहान मुलीला घेऊन त्या स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या. राजकोटला बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची नोकरी मिळाली. मान होता, पगार होता. १९२३ च्या सुमारास ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करायला गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील. मुलगा झाल्यावर त्याला कसे वाढवावे, या चिंतेतून ते माँटेसरीच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले आणि वकिली सुटली. १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. झुपकेदार मिशांच्या या माणसाला गुजरातेत 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. मराठीत ते उपलब्ध आहे. लक्ष्मीराम नावाचा एक शिक्षक चौथीच्या वर्गात प्रयोग करण्याची परवानगी मिळवतो. पहिल्या दिवशी तो माँटेसरी पद्धतीचा शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात असा गोंधळ माजतो की मुलांना लवकर घरी सोडावे लागते. दुसऱ्या दिवशी तो खेळ बाजूला ठेवतो आणि गोष्ट सांगू लागतो.

माझ्या मते त्या पुस्तकाचा सगळा जीव या दोन दिवसांमधल्या रात्रीत आहे. मुलांना शिस्त नाही, असे म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने आपले टिपण बदलले. शिवाय बदलून जे आणले ते गुरूच्या मताला धरून नव्हते. लहान मुलांना कल्पित कथा सांगण्याविषयी माँटेसरी साशंक होत्या. गिजुभाईंनी गोष्टीलाच शिक्षणाचे वाहन केले. पद्धत आयात करणे सोपे असते. समोरच्या मुलांकडे पाहून ती वाकवणे हे धाडसाचे काम, कारण मग चुकलो तर दोष देण्यासाठी पुस्तक हाताशी नसते.

इथे माँटेसरीच्या साधनांविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे लाकडी दट्टे. एका लांब ठोकळ्यात वेगवेगळ्या जाडीची भोके असतात आणि प्रत्येक भोकात नेमका बसणारा एकच दट्टा असतो. मुलाने चुकीचा दट्टा बसवला तर तो आत बुडतो किंवा बसतच नाही. शेवटी एक दट्टा हातात उरतो आणि मुलाला आपोआप कळते की कुठेतरी चुकले. शिक्षिकेला 'चूक' हा शब्द उच्चारावा लागत नाही. चूक साधनानेच दाखवायची, ही या पद्धतीची किल्ली आहे.

पण ही साधने सुताराकडून अगदी मापात घडवून घ्यावी लागत आणि महाग पडत. जी पद्धत रोमच्या गरीब मुलांसाठी जन्मली, ती भारतात येईपर्यंत श्रीमंतांच्या मुलांची होऊ लागली होती. इतिहासात असे वारंवार घडते. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरीचे तत्त्व ठेवून साधने, गाणी, खेळ आणि गोष्टी इथल्या मातीतून घ्यायच्या, हे त्यांचे सूत्र होते. संघाच्या 'शिक्षणपत्रिका' या मासिकाची मराठी आवृत्ती ताराबाईंनी सांभाळली. १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला. तिथे बालशिक्षिका मराठीतून तयार होऊ लागल्या.

दादरचे काम उत्तम चालले होते. इथेच थांबल्या असत्या तरी मराठी बालशिक्षणाच्या इतिहासात ताराबाईंचे नाव पक्के होते.

१९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची व्याप्ती वाढली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती असलेली योजना आता जन्मापासून अखेरपर्यंतच्या शिक्षणाची झाली आणि 'पूर्वबुनियादी' हा शब्द चर्चेत आला. खेड्यातल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला शिकवायचे कसे, याचे उत्तर मात्र कोणाकडेच तयार नव्हते. त्याच वर्षी ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या.

तिथे त्यांना अनुताई येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळात या दोन वाक्यांपुढे बहुतेक मुलींच्या चरित्रात काही लिहिण्यासारखे उरत नसे. अनुताई शिकल्या, अध्यापनाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी शिकवले. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि ३५ व्या वर्षी त्या बोर्डीला आल्या. त्या मुंबई-पुण्याकडे राहण्यासाठी परत गेल्या नाहीत.

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातली मुले येऊ लागली. पण त्या काळच्या भाषेत ज्याला 'हरिजनवाडा' म्हणत, तिथली मुले येत नव्हती. बोलावूनही येत नव्हती.

आता इथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट आपल्या सर्वांच्या ओळखीची: 'या लोकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही.' हे वाक्य एकदा उच्चारले की शिक्षक निर्दोष सुटतो. ताराबाई दुसऱ्या वाटेने गेल्या. मुले बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी त्यांच्या अंगणात जाईल. गावात मध्यवर्ती बालवाडी राहिली आणि तिच्या जोडीला वस्तीतल्या घरांपुढच्या अंगणात भरणारी बालवाडी सुरू झाली. तिचे नाव अंगणवाडी. शिक्षिका सकाळी वस्तीत जात, मुलांना गोळा करीत, हातपाय धुवून देत, केस विंचरत आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू होत. साधनांसाठी सुतार लागत नव्हता. शंख-शिंपले, बिया, पाने, काटक्या, खडे आणि माती यांतून रंग, आकार, जाडी आणि संख्या शिकवल्या जात.

नीट पाहिले तर दट्ट्यांच्या ठोकळ्याचे तत्त्व ताराबाईंनी स्वतःच्या शाळेलाच लावले. एक दट्टा हातात उरला, म्हणजे बसवण्यात चूक झाली. एक वस्ती शाळेबाहेर उरली, म्हणजेही बसवण्यात चूक झाली. फरक इतकाच, की इथे मूल चुकले नव्हते, शाळा चुकली होती. विद्वत्ता, वक्तृत्व, प्रेमळपणा हे गुण अनेक शिक्षकांत सापडतात. मुलाच्या गैरहजेरीकडे आपल्याच उत्तरपत्रिकेवरची खूण म्हणून पाहण्याची सवय मात्र फार दुर्मीळ.

या सवयीची खरी परीक्षा पुढे झाली, वारली मुलांच्या बाबतीत. पण त्याआधी त्या प्रदेशाचा इतिहास पाहणे भाग आहे, कारण ताराबाई बोर्डीला आल्या ते वर्ष साधे नव्हते.

१९४५. डहाणू, उंबरगाव आणि तलासरी या भागात त्या वर्षी वारल्यांचा उठाव झाला. वेठबिगार आणि लग्नगडी या दोन प्रथांनी वारली समाज जखडलेला होता. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे कर्जाऊ घ्यायचे आणि मग नवराबायकोने त्याच्या घरी राबत राहायचे. कर्ज फिटत नसे. मे महिन्यात झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठ बंद करण्याचा निर्धार केला. मग मजुरीचा लढा पेटला. मागणी होती ५०० पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. गोदूताईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याच लढ्याचे आहे.

हे सगळे बालवाडीच्या गोष्टीत कशाला, असे वाटेल. त्या आकड्याकडे पुन्हा पाहा. ५०० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोंहून अधिक गवत, आणि त्यासाठी अडीच रुपये मिळावेत म्हणून लढा द्यावा लागत होता. अशा घरात आईबाप दोघेही दिवसभर बाहेर असणार. मग सहा-सात वर्षांचा मुलगा गुरांमागे जाणार आणि त्याची बहीण तान्ह्या भावाला कडेवर घेऊन फिरणार. त्या मुलांच्या वेळेला घरात किंमत होती. अकरा ते पाच भरणारी शाळा ती किंमत मागत होती आणि बदल्यात लगेच काहीच देत नव्हती. वारली आईबापांनी मूल शाळेत न पाठवणे हे अज्ञान नव्हते. तो हिशेब होता, आणि त्यांच्या परिस्थितीत तो बरोबर होता.

१९५७ मध्ये ताराबाई आणि अनुताई यांनी आपले केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्ये हलवले. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. तिथे त्यांना हा हिशेब समजला आणि त्यांनी शाळेची मांडणी त्याप्रमाणे बदलली.

गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत? मग गुरे चरतात तिथे शाळा. तिचे नाव कुरणशाळा. शिक्षिका माळावर जाऊ लागल्या आणि ज्या झाडाखाली गुराखी बसत त्याच झाडाखाली अक्षरे आणि अंक शिकवू लागल्या. दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग. लहान भावंड सांभाळणारी मुलगी येऊ शकत नाही? मग भावंडालाही घेऊन ये. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकमेकांना लागून. या रचनेला विकासवाडी म्हणत. कडेवरचे मूल पाळणाघरात ठेवले की मुलीचे दोन हात मोकळे होत आणि त्या हातांत पाटी येई.

विकासवाडीचे वर्णन शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत 'पूर्वप्राथमिक व प्राथमिक शिक्षणाचा समन्वय' अशा भारदस्त शब्दांत केलेले आढळते. ते चूक नाही. पण त्यामागचा खरा शोध त्या मुलीच्या कडेवर बसलेला होता आणि तो पाहण्यासाठी शास्त्राआधी डोळे लागतात.

अनुताईंविषयी एक गोष्ट मला विशेष वाटते. दिवसभराची शाळा, पाड्यांवरची पायपीट, प्रशिक्षणार्थींचे वर्ग हे सगळे चालू असताना १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्या बी.ए. झाल्या. पदवीवाचून त्यांचे कोसबाडला काही अडत नव्हते. परिव्राजिकेच्या पहिल्या निकषाची, म्हणजे स्वतः शिकत राहण्याची, बाजू या दोघींनी कधी सोडली नाही.

आता टीकेची बाजू. ती टाळली तर हा धागा इतिहासाचा न राहता आरतीचा होईल.

कोसबाडच्या कामाची भाषा बऱ्याच अंशी 'सुधारणे'ची होती. अंघोळ, नखे, केस, स्वच्छ कपडे यांवर असलेला भर आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होता. पण त्यात शहरी उच्चवर्णीय घराच्या नीटनेटकेपणाची कल्पनाही मिसळलेली होती, आणि कोणी आपल्याला धुवून पुसून घ्यावे यात मुलांच्या मनावर काय उमटत असेल, याची नोंद शिक्षिकेच्या वहीत सापडणे अवघड. या कामाची बहुतेक साधने शिक्षिकांच्याच लेखणीतून आलेली आहेत, हे वाचताना विसरू नये. दुसरे असे, की जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न बालवाडीने सोडवला नाही, तो तिने हातीही घेतला नाही. मुलगा गुरे का राखतो, याचे उत्तर गोदूताई जमीनदाराच्या दारात मागत होत्या. मुलगा गुरे राखतोच आहे तर त्याला शिकवायचे कसे, हे ताराबाई पाहत होत्या. एकाच तालुक्यात, एकाच काळात, दोन वेगळे प्रश्न. यातला एक मोठा आणि एक छोटा, अशी वर्गवारी मला करवत नाही. वेठ सुटलेल्या घरातल्या मुलाला अक्षर लागणारच होते, आणि अक्षर आलेल्या मुलाला मजुरीचा हिशेब कळणारच होता.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली. तिच्या गावपातळीवरच्या केंद्राला नाव मिळाले 'अंगणवाडी'. बोर्डीच्या वस्तीतला शब्द पुढे देशभराच्या सरकारी कागदांवर गेला.

शब्द गेला, त्याच्याबरोबर काय गेले आणि काय मागे राहिले, हे पाहण्यासारखे आहे. योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा होत्या. कुपोषणाच्या देशात आहाराला अग्रक्रम मिळाला यात गैर काही नाही. त्याने असंख्य मुले जगली. पण शिक्षण सहांपैकी एक झाले, आणि रजिस्टरे भरण्याच्या, वजने घेण्याच्या गर्दीत बहुधा शेवटचे. जिच्या अंगणात शाळा भरायची तिचे पदनाम 'शिक्षिका' न होता 'सेविका' झाले. तिला मिळतो तो पगार नव्हे, मानधन. ताराबाईंच्या अंगणवाडीत शिक्षिकेला निरीक्षणाची आणि आपली पद्धत त्या दिवशी, त्या मुलासाठी बदलण्याची मोकळीक होती. तो गुण योजनेच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

अनुताईंना हे दिसत असावे. १९८२ मध्ये, ७२ व्या वर्षी, त्यांनी रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली आणि डहाणू तालुक्यातल्याच दाभोणला पुन्हा आदिवासी मुलांबरोबर काम सुरू झाले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक जुन्या ग्रंथालयांत अजून सापडते. मिळाले तर सोडू नका.

शेवटची नोंद अलीकडची आहे. गुजरातेतल्या दाहोद जिल्ह्यातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा ग्रॅच्युइटीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या कर्मचारीच नाहीत, मानद सेवा देणाऱ्या आहेत, अशी सरकारची बाजू होती. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने निकाल सेविका आणि मदतनिसांच्या बाजूने दिला. निकालपत्रात एक मुद्दा असा आहे: तीन ते सहा वर्षांच्या मुलांची शाळापूर्व वाडी चालवणे हे शैक्षणिक काम आहे, आणि तिथे शिकवण्याचे काम सेविका व मदतनीसच करतात.